गादीवरचे पाय

आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा. सरकारच्या मोजणीत बाकी सगळी तळी आली असतील, दोन मात्र राहून गेली. ती माझ्या पायांत आहेत.

माझ्या तळपायांना बारा महिने पाणी सुटतं. शाळेत प्रार्थनेला उभा राहिलो की फरशीवर माझ्या पावलांचे ओले ठसे उमटायचे, आणि मागची पोरं त्यावर पाय ठेवून घसरल्याचं नाटक करायची. नुसतं पाणी असतं तरी निभावलं असतं. पण ते बुटात कोंडलं की त्याला वास येतो. तो कसा येतो ते मी लिहीत नाही. ज्याला आहे त्याला माहीत आहे, ज्याला नाही त्याने सुखाने जगावं.

मग बूट घालायचेच कशाला, असं कोणीही विचारेल. बी.कॉम. झालो आणि साकोलीबाहेरच्या तुलाराम शेठच्या राइस मिलमध्ये मला लिखापढीचं काम लागलं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटून तेव्हा आठ वर्षं झाली होती. नवीन मोठ्या मिला गोंदियाच्या बाजूला, आणि आमच्याकडे शेठच्या मिलसारख्या जुन्या खटाऱ्या. माझ्या आईने त्याच मिलच्या पटांगणात पंधरा वर्षं धान पलटवलं होतं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातले पुष्कळ जण त्या पटांगणात राबले, पण आत गादीवर बसणारा मी पहिला. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले, "जीवन, चप्पल नाही चालन. ब्यांकेत जा लागते, साहेबलोकाईत बसा लागते." आणि त्यांनी आपल्या मुलाचे जुने बूट काढून दिले. रेक्झिनचे, आत वाऱ्याला बंदी असलेले. आईने ते खोबरेल तेल लावून चमकवले. मी ते घालून मोहल्ल्यातून निघालो तेव्हा लोक उठून पाहत होते.

शेठच्या ऑफिसला सगळे गादीच म्हणायचे, कारण तिथे खरोखरची गादी होती. पांढरी चादर, दोन लोड, भिंतीवर लक्ष्मीचा फोटो. जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे, मग तो कलेक्टर का असेना. म्हणजे दिवसभर मी बुटात पाय शिजवायचे, आणि आत येऊन ते ओले मोजे घेऊन शेठच्या मांडीशेजारी बसायचं. मला छळायचं ठरवून कोणी योजना आखली असती तरी इतकी चांगली जमली नसती.

पण मीही हार मानणारा नव्हतो. सकाळी तुरटीच्या पाण्यात पाय. आंघोळीनंतर कडुनिंबाचा पाला चोळायचा. आठवड्यातून एकदा बाभळीच्या सालीचा काढा, त्याने पाय चहा सांडल्यासारखे दिसायचे. बोटांच्या बेचक्यांत पावडर. पिशवीत मोज्यांचे तीन जोड, ते मिलच्या संडासात जाऊन बदलायचे. गादीवर बसताना दोन्ही पावलं मांड्यांखाली दाबून बसायचं, मग मुंग्या येवोत नाहीतर नागोबा येवो. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे अगरबत्ती. लक्ष्मीच्या फोटोपुढे मी दिवसातून तीनदा अगरबत्ती लावायचो. शेठ आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "हा जीवन पाहा, बौद्धाचा पोरगा हाये, पण लक्ष्मीची इतकी सेवा माह्या घरचा नाही करत." मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे गुपित माझ्या आईला आणि माझी बायको तृप्तीला सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

आता तुळसाकाकी. ती आमच्या घराला घर लागून राहायची. तिचा नवरा मंगरूकाका मोहाच्या झाडावरून पडून कंबर गमावून बसला होता, आणि घर तिच्या एकटीच्या कामावर चालायचं. आई मिलमध्ये होती तेव्हा दोघी मिळून जायच्या. गुडघ्यांमुळे आईने काम सोडलं, तेव्हापासून पटांगणातल्या सात बायांमध्ये आमच्या मोहल्ल्याची तुळसाकाकी एकटीच उरली होती.

उसना तांदूळ कसा होतो ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धान हौदात भिजवतात, वाफेवर उकडतात आणि सिमेंटच्या पटांगणात वाळत घालतात. ते एकसारखं वाळावं म्हणून घटकेघटकेला पलटवावं लागतं, आणि ते पायाने पलटवतात. बाया एका ओळीत उभ्या राहतात आणि पाय न उचलता, ओढत ओढत चालतात. मागे धानाच्या सऱ्या पडत जातात. चप्पल घातली तर दाणा फुटतो, म्हणून पाय अनवाणी. मे महिन्यात खालचं सिमेंट तव्यासारखं तापतं. अशा कामाने पायांची दशा काय होणार? तुळसाकाकीच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. त्यांत ती बिब्ब्याचं तेल भरायची, त्यामुळे पाय काळेकुट्ट दिसायचे. पण कोरडे होते ते पाय. वाळल्या लाकडासारखे कोरडे. मी हे खात्रीने सांगतो, कारण दुसऱ्यांच्या पायांकडे माझ्याएवढं बारकाईने पाहणारा माणूस साकोली तालुक्यात नसेल.

त्या मे महिन्यात सरकारी तांदळाचा लॉट तपासायला नागपूरहून साहेब येणार होते. सकाळपासून लाइट गेलेली. मी बुटात पाय घालून गोदामातून गादीवर, गादीवरून गोदामात असा नमुने घेऊन पळत होतो. मोजे बदलायला सवड मिळाली नाही. साहेब आले, बूट काढून लोडाला टेकले. मी सवयीने अगरबत्तीच्या पुड्याला हात घातला, तर शेठ कडाडले, "आज नको लावू, येडा हायेस काय! साहेबाले तांदूळ सुंगा लागते."

मी खाली बसलो. पावलं मांड्यांखाली दाबली. कूलर बंद, पंखा बंद, दार उन्हामुळे लोटलेलं. मला माझाच वास येऊ लागला, आणि तो मला येतो म्हणजे दुसऱ्याला किती येत असेल याचा हिशेब मी लहानपणापासून करत आलो आहे.

साहेबांनी ताटलीतला मूठभर तांदूळ उचलून नाकाशी नेला. कपाळाला आठी पडली. दुसरी ताटली घेतली, पुन्हा तीच आठी.

"शेठ, याला वास येतोय."

"उसन्याचा वास असतेच, साहेब."

"उसन्याचा वास मला कळतो. हा कुजका आहे." त्यांनी ताटली सरकवली आणि दार उघडून बाहेर पाहिलं. पटांगणात बायांची ओळ धान ओढत येत होती. सर्वांत अलीकडे तुळसाकाकी होती. साहेबांची नजर तिच्या काळ्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे असे पाय घालता तुम्ही तांदळात?"

लॉट अडकला. साहेब गाडीत बसून गेले तशी शेठची स्वारी तडक पटांगणात. मी उंबऱ्यावर बूट हातात घेऊन उभा होतो. तेवढ्या वेळात मी बोलायला हवं होतं. 'शेठ, वास माझ्या पायांचा आहे.' एवढंच वाक्य. ते मी मनात दोनतीनदा नीट लावूनही पाहिलं, आणि तेवढ्यात शेठ पोहोचले.

"तुळसा, उद्यापासून येऊ नको. तुह्या पायाच्या वासानं माहा माल अडकला."

तिला आधी कळलंच नाही. ती आपल्या पायांकडे पाहून म्हणाली, "माह्या पायाले काय झालं जी, शेठ?"

"सडले हायेत पाय तुहे! साहेबानं सोता पाह्यलं."

बाकीच्या सहा बाया धानातच थांबल्या होत्या. मग त्यांच्यातली कौशल्याबाई म्हणाली, "मले तं कधीचाच येत होता वास. म्हणलं, कायले बोलाव कोनाले." खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. एकदा सांगितलं की लोकांना मागचा वाससुद्धा आठवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर भरदुपारी झालं, आणि चोर बूट हातात घेऊन पाहत होता.

चार दिवसांनी साहेब पुन्हा आले तेव्हा मी भंडाऱ्याला ब्यांकेत होतो. गादीवर उकडत होतं म्हणून त्यांनी नमुने गोदामाच्या दारातच, वाऱ्यावर पाहिले. तोच तांदूळ, त्याच पोत्यांतला. पास झाला. "पाह्यलं?" शेठ मला म्हणाले. "मालाले फिरून वारा देला, थे बाई गेली, अना वास गेला." मी ब्यांकेची स्लिप त्यांच्यापुढे ठेवली.

गोष्ट मिलमध्ये राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण बाया घरोघरी गेल्या आणि त्यांच्यासोबत गोष्टही गेली, फिरत फिरत आमच्या मोहल्ल्यापर्यंत आली. हातपंपावर तुळसाकाकी आली की दोघीतिघी पदर नाकाला लावू लागल्या. आधी गंमत म्हणून, मग खरोखर. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळा मोहल्ला जमला. तुळसाकाकी दरवर्षी खिरीच्या गंजाजवळ ढवळायला असायची. त्या दिवशी ती विहाराच्या बाहेर, पायरीवर, चपला न काढता बसली. आत यायचं तर चपला काढाव्या लागतात. पंचशील तिने तिथूनच म्हटलं. मी आत पहिल्या रांगेत होतो, सकाळीच तुरटीत पाय बुडवून आलेला. खीर मी तशीच द्रोणात ठेवली, पण माझ्या न खाण्याने कोणाचं काय भलं होणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली.

"बाबू, तू शिकलेला हायेस. यावर काही औषध असन तं सांग. मले तं माहा वास येत नाही. पन ज्याचा त्याले येत नाही म्हणतेत."

मी तिला सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि त्यातून बाहेर काय पडलं? "काकी, तुरटी हाये. कोमट पाण्यात घालून पाय ठेवजो." मग कडुनिंब. मग बाभळीची साल किती उकळायची ते. मी उठून आतून माझा तुरटीचा खडा आणला, पावडरचा अर्धा डबा आणला, आणि बोटांच्या बेचक्यांत पावडर कशी भरायची ते तिला हाताने दाखवलं. वीस वर्षांची सगळी विद्या मी त्या बाईला देऊन टाकली, जिला तिची काडीचीही गरज नव्हती. "अना थे बिब्बा लावनं बंद कर, काकी," असंही वर सांगितलं.

ती ऐकत होती, एकेक गोष्ट पुन्हा म्हणून पाहत होती, विसरू नये म्हणून. जाताना म्हणाली, "पोरा, तू होता म्हणून. नाहीतं कोनाले इचारू?"

तृप्ती चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. काकी गेल्यावर तिने विचारलं, "काकीच्या पायाले वास येते काय?"

"नाही."

"अना तुमाले माहीत हाये कोनाचा येते थे."

"हो."

"मंग शेठले सांगून टाका ना. लय तं काय करन? हाकलन."

"हाकलन, मंग?"

"मंग पटांगणात जा. तुमची माय नाही गेली काय पंधरा वर्षं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. मला पटांगणाची भीती वाटत होती. उन्हाची नाही, कामाचीही नाही. गादीवरून उठून पटांगणात उतरताना जे लोक पाहतील, त्यांची. 'बूट घालून गेला होता, पायाच्या वासानं वापस आला,' हे मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं असतं. शिवाय शेठने म्हटलं असतं, 'तुमच्या लोकाईले गादीवर बसवलं तं असंच होईन.' मग माझ्यामागून त्या गादीवर आमच्यातला कोणी बसला नसता. हे कारण मला फार आवडलं. ते मी पुष्कळ दिवस वापरलं.

आठ दिवसांनी, दुपारी, तुळसाकाकी मिलमध्ये आली. मी नुकताच गोदामातून येऊन गादीवर टेकलो होतो. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, चपला लांब काढून. मी तिचे पाय पाहिले आणि पाहवलं नाही. बिब्ब्याचा काळा रंग गेला होता. तो तिने दगडाने घासून काढला होता. बिब्ब्याने झाकलेल्या भेगा उघड्या पडून लाल दिसत होत्या, आणि बोटांच्या बेचक्यांत माझी पांढरी पावडर नीट भरलेली होती.

"शेठ, पाय साफ केले जी. येक डाव पाहून घ्या. वास असन तं नका ठेवू."

शेठ तसे राक्षस नव्हते. त्यांनी तिचे पाय दुरून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "जीवन, तू पाहा. तुह्या मोहल्ल्याची हाये. तू म्हणशीन तं उद्यापासून घेतो."

इतकं सोपं करून देव कोणाला देतो! मला कबुली द्यायची नव्हती, फक्त 'वास नाही' म्हणायचं होतं. मी टुणकन उठलो, गादीवरून उतरलो आणि तिच्यासमोर वाकलो. तुरटीचा, कडुनिंबाचा, पावडरचा वास आला. माझ्या स्वतःच्या सकाळचा वास. दुसरा कसलाही नाही.

"नाही येत, शेठ. बिलकुल नाही," मी म्हणालो. आनंदाने म्हणालो.

शेठ पुढे सरकून उंबऱ्याकडे वाकले, आणि त्यांचं नाक आक्रसलं. "खोटं कायले बोलतेस बे? येऊन तं राहिला! माह्या नाकापर्यंत येऊन राहिला."

मांड्यांखाली दाबलेली माझी पावलं आता मोकळी होती. मी तिच्याजवळच उभा होतो, सकाळपासूनच्या मोज्यांत.

"आपल्या मानसाची बाजू घेतेस, थे समजतो मी. पन धंद्यात नाही चालत. सांग खरं. येते का नाही?"

तुळसाकाकीही आपल्या पायांकडे वाकली होती, खात्री करायला. ती वाकली तसं तिचं तोंड माझ्या पायांजवळ आलं. ती क्षणभर तशीच राहिली. मग वर झालेली तिची नजर माझ्या मोज्यांवरून चढत चढत माझ्या तोंडावर आली.

"जीवन, इचारून राहिलो ना!"

"येते, शेठ," मी म्हणालो. "थोडा येते."

ती सरळ उभी झाली. मला वाटलं, आता ही बोलणार. मला तेव्हा ते हवंही होतं, असं मी आज म्हणतो. तिने शेठकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो जी. माहाच हाये." आणि मागे वळली.

मी तिच्यामागे गेटपर्यंत धावलो, मोज्यांतच. ती खाली बसून त्या फुटलेल्या टाचांवर चपला चढवत होती.

"काकी, तुले समजलं."

"समजलं."

"मंग तसं कायले म्हणलं?"

"मी तं गेलीच होती, बापा. दोघाईनं कायले जाव?" ती ते रागानेही बोलली नाही आणि मायेनेही नाही. उरलेलं तेल कुठल्या डब्यात ओतायचं ते ठरवावं तशी बोलली. मग दुसरी चप्पल ओढत तिने विचारलं, "तुले पह्यलेपासून माहीत होतं?"

मी मान हलवली.

"अना मले तुरटी देली," ती म्हणाली.

"उद्या सांगतो मी शेठले. खरंच सांगतो, काकी."

ती उठली, माझ्याकडे न पाहता गेटातून बाहेर पडली आणि उन्हात साकोलीच्या रस्त्याला लागली. मी गादीवर परत आलो. शेठने पुढचं वाउचर समोर सरकवलं. मी ते लिहिलं.

उद्या आला आणि गेला. पुढे धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली. रोवणीला बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीने उभ्या राहतात आणि मागे सरकत सरकत पऱ्हे, धानाची रोपं, लावतात. खांद्याला खांदा लागतो, गप्पा चालतात, गाणी चालतात. तुळसाकाकीला आता कोणी ओळीत घेत नाही. तिला बांधीचा वेगळा कोपरा देतात आणि ती तिथे एकटी रोवते. सगळ्यांचेच पाय पोटरीपर्यंत चिखलात असतात. तिथे कोणाच्या पायाचा कसला वास येणार, एवढी साधी गोष्ट आहे, पण तेवढं कोणी म्हणत नाही. मिलचा रस्ता त्या बांधीला लागूनच जातो. मी सकाळ-संध्याकाळ सायकलने तिथून जातो, बूट घालून. ती मान वर करत नाही आणि मी सायकल थांबवत नाही.